आमच्या गाडीचे चार दिवस

डावीकडे वळायचं होतं आणि गाडी वळली नाही. नवरा दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळत होता. मी शेजारच्या सीटवरून अर्धी उठून त्याच्या हातांवर हात घालून ओढत होते. मागच्या लांब सीटवर माझी मुलगी सासूच्या मांडीवर डोकं ठेवून कळा सोसत होती आणि मूल पायांकडून येत होतं. बॉनेटखालून रेडा डुरकतो तसा आवाज निघत होता, रबर जळल्याचा वास सुटला होता. समोर अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं मोठं लोखंडी फाटक होतं. तीनची पाळी सुटली होती. बाजूच्या छोट्या दारातून बाहेर पडणारी माणसं आम्हाला बघून पळाली. वॉचमननं लांबलचक परदेशी गाडी थेट आपल्याकडे येताना बघितली, घाईघाईनं फाटक उघडलं आणि सलाम ठोकला.

आम्ही सलाम घेऊन आत गेलो. ब्रेक दाबायचं नवऱ्याला आत गेल्यावर सुचलं. वळवायच्या नादात पाय विसरला होता.

हे सगळं माझ्यामुळे झालं. स्टेअरिंगच्या तेलाची भरलेली बाटली माझ्या पायाशी होती, बाळंतपणाच्या पिशवीत, जुन्या लुगड्याच्या घडीत. गाडीत हे फक्त मला ठाऊक होतं. ती का लपवली हे सांगायचं तर आधी गाडीचं आणि सासूचं सांगायला हवं.

आम्ही पालेगावचे. भातशेती होती. नव्वदनंतर आमच्याकडे इमारती यायला लागल्या तेव्हा रस्त्याकडचा एक तुकडा एका बिल्डरला दिला, आणि त्या व्यवहारात त्यानं आपली जुनी परदेशी गाडी आमच्या गळ्यात मारली. पांढरी, होडीएवढी लांब. नवरा एमआयडीसीत टेंपो चालवायचा, त्यामुळे त्याला गाडी चालवता येत होती. त्याला तिची एकच गोष्ट आवडली. तिचं स्टेअरिंग एका बोटानं फिरायचं. टेंपोचं स्टेअरिंग फिरवून त्याचे खांदे बैलासारखे झाले होते. दारात कोणीही आलं की तो त्याला गाडीत बसवायचा आणि ते बोट दाखवायचा.

गाडी आली त्या दिवशी सासूनं तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. इथवर सगळेच करतात. मग ती म्हणाली, घरात लक्ष्मी आली, तिला रिकाम्या ओटीनं कसं घ्यायचं. तिनं खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि दुसरा नारळ आणला आणि बॉनेटवर ठेवून गाडीची ओटी भरली. मी म्हटलं, नारळ गडगडेल. गडगडला. मी चौथी शिकलेली आणि सासू एकही इयत्ता न शिकलेली, पण गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची होती आणि घरात शब्द तिचा चालायचा. ओटी भरली म्हणजे गाडी बाई झाली. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

तीनचार दिवसांनी सकाळी सारवलेल्या अंगणात, गाडीच्या पुढच्या चाकांमध्ये, लाल ओघळ दिसला. सासूनं वाकून बघितला, पण बोट लावलं नाही. नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, काही नाही, तेल गळतंय. सासूनं त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. त्याचा टेंपो त्याच अंगणात वर्षानुवर्षं तेल गाळत आला होता आणि त्यावर राख टाकून ते पुसायचं काम तिनंच केलं होतं.

"तेल कालं असतंय," ती म्हणाली. "यो लाल हाय. गारीला कावला शिवलाय. चार दिस कोनी हात लावायचा नाय."

नवरा आपल्या आईशी या विषयावर काय बोलणार. खाली मान घालून टेंपोकडे निघून गेला. गाडी गोठ्याच्या बाजूला ढकलून उभी केली. ढकलणाऱ्यांना सासूनं आंघोळ करायला लावून मगच घरात घेतलं. पाचव्या दिवशी बघितलं तर गळणं थांबलेलं. सासूनं आणि मी विहिरीचं पाणी शेंदून आणलं आणि गाडीला टपापासून चाकांपर्यंत न्हाऊ घातलं. मग नवऱ्यानं चावी फिरवली, आणि स्टेअरिंग हलेना. ओलं धान्य घातलेलं जातं ओढावं तसं ते ओढावं लागत होतं.

उल्हासनगरला एक सिंधी मेकॅनिक होता. जुन्या परदेशी गाड्यांचं काम तोच करायचा. नवऱ्यानं गाडी कशीबशी तिकडे नेली, मीही सोबत गेले. मेकॅनिकनं खाली शिरून बघितलं आणि मला समजेल असं सांगितलं. दोन चाकांच्या मध्ये एक आडवी नळी असते, तिला रॅक म्हणतात. स्टेअरिंग फिरवलं की तिच्यातला दांडा इकडेतिकडे सरकतो आणि चाकं वळतात. पंप लाल तेल दाबानं त्या नळीत घालतो, ते दांड्याला ढकलतं, म्हणून एका बोटानं काम होतं. आमच्या रॅकच्या टोकांची रबरी सीलं वाळून चिरली होती. नवा रॅक इथं मिळत नव्हता. एक तर हा उतरवून इथंच बनवलेली सीलं घालून बघायची, नाहीतर पंपाच्या डब्यात तेल ओतत राहायचं.

मी त्याला सासूचं सांगितलं. तो हसला नाही. हात पुसत त्यानं विचारलं, "भाभी, कितने दिन?"

मी म्हटलं, चार.

"फिर तो नॉर्मल है," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

नवऱ्यानं बाटली घेतली. महिन्याच्या सुरुवातीला टेंपोची एक फेरी उल्हासनगरला असायची, तेव्हा तो एक बाटली आणायचा आणि रात्रीच डब्यात ओतायचा. ओतली की चार दिवस गाडी लोण्यासारखी वळायची आणि गळायची. पाचव्या दिवशी डबा रिकामा, गळणं बंद, स्टेअरिंग दगड. हे दर महिन्याला, न चुकता. सासूला आणखी काय पुरावा हवा होता.

म्हणजे गाडी वळायची तेव्हा तिला शिवायचं नाही, आणि शिवता यायचं तेव्हा ती वळायची नाही. आम्ही ती वळत नसतानाच वापरली. नवरा सरळ रस्ते शोधायचा. आमची एकुलती एक मुलगी बदलापूरला दिली होती. तिच्याकडे जायचं तर तो गाडी शेवटच्या वळणाच्या अलीकडे उभी करायचा आणि आम्ही तिथून चालत जायचो. तिच्या सासरच्यांना वाटायचं, यांना गाडी दाखवायची लाज वाटते.

गावालाही सवय झाली. कुणाला लग्नाला गाडी हवी असली तर तो आधी सासूला तारीख विचारायचा, आणि ती बोटांवर मोजून सांगायची.

मध्ये एकदा नवऱ्यानं हिय्या करून रॅक उतरवला. मेकॅनिकनं नवी सीलं बसवून दिली. एक महिना गळलं नाही. दुसराही गेला. नवरा पुन्हा लोकांना बोट दाखवायला लागला. सासू मात्र गाडीकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. एकदा भाकरी थापताना मला हळूच म्हणाली, गाडीला दिवस गेलेत. मी तवा उतरवून ठेवला. तिनं त्या दिवसापासून नवऱ्याला खड्ड्यातून गाडी न्यायला मनाई केली. ग्रहण आलं तेव्हा गाडी गोठ्याच्या पत्र्याखाली ढकलून वर सतरंजी घातली. तिसऱ्या महिन्यात सीलांनी दम सोडला आणि एका सकाळी सगळं अंगण लाल झालं. सासू दारातच खाली बसली. दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डिंकाचे लाडू केले. ते नवऱ्यानं खाल्ले, कारण गाडी खाणार नव्हती.

त्यानंतर पुन्हा बाटली सुरू झाली, आणि त्याच सुमारास मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

तिला पाठवायला विहीण राजी नव्हती. व्याही कारखान्यात अधिकारी, घर फ्लॅटमधलं, खाली नर्सिंग होम. पण सासूचं म्हणणं होतं की पहिलं बाळंतपण माहेरीच. सातव्या महिन्यात ओटीभरण झाल्यावर विहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्याकडे गाडी आहे म्हणून पाठवते हो. वेळेला रिक्षा शोधत फिरू नका." मी हो म्हटलं.

नवव्या महिन्यात सासूनं मुलीच्या पोटावर हात फिरवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, मूल पायाळू आहे, हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरीण पाहिजे. इतक्या बाळंतपणांत असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच सांगितलं. कळा सुरू झाल्या की ताबडतोब आणा, आडवी झोपवून आणा, उशीर झाला तर मूल हाती लागायचं नाही आणि मुलीचंही सांगता येणार नाही. मुलीला आजीशिवाय कुठं जायचं नव्हतं आणि आडवं झोपून जाता येईल अशी सीट आमच्याच गाडीला होती.

मी दिवस मोजले. तारीख महिन्याच्या सुरुवातीलाच येत होती. नवरा बाटली ओतणार, गाडी गोठ्यापाशी बसणार, आणि सासू पोरीला तिच्यात पाय ठेवू देणार नाही. त्यातून गाडीचं आधी पडलेलं, असं तिच्या डोक्यात पक्कं. तिला समजावण्यात मी वेळ घालवला नाही. नवऱ्यानं बाटली आणून फळीवर ठेवली, ती मी उचलली आणि त्याला सांगितलं की मांजरानं पाडली, फुटली. मांजराला दोन शिव्या घालून तो टेंपोकडे गेला. माझा हिशोब असा, की गाडी कोरडी राहिली तर सोवळी राहील. स्टेअरिंग जड जाईल, पण नवरा ओढेल, एवढे खांदे कशाला आहेत. बाटली टाकून द्यायला जीव होईना आणि घरात ठेवली तर सासूला सापडणार, म्हणून ती बाळंतपणाच्या पिशवीत घातली.

एक गोष्ट मला कळली नव्हती. आतापर्यंत डबा रिकामा झाला तरी तळाशी थोडं तेल राहायचं, तेवढ्यावर पंप रेटून न्यायचा. या महिन्याची बाटली न मिळाल्यावर तेही संपलं.

कळा दुपारी सुरू झाल्या. सासूनं आधी गोठ्याकडे जाऊन गाडीखालची जमीन बघितली. कोरडी होती. तिनं मान हलवली आणि आम्ही निघालो. पहिली दोन वळणं नवऱ्यानं ओढली. तिसऱ्याला त्याच्या पाठीत उसण भरली, तो ओरडला, आणि आम्ही कारखान्यात गेलो.

आत माणसं गोळा झाली. वॉचमनला आपण कुणाला सलाम केला ते कळलं आणि तो चिडला. पण मागच्या सीटवर बघून सगळेच दुसरी गाडी शोधायला लागले. कारखान्याची रुग्णवाहिका होती, ती चाकं काढून विटांवर उभी होती. रिक्षा सगळ्या सुटलेल्या पाळीनं भरून गेल्या होत्या. कुणी म्हणालं, मालाच्या ट्रकमध्ये घालू. सासूनं त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला. मग आठ कामगारांनी गाडीचं नाक उचललं, आत पोर आणि म्हातारी तशीच, आणि ते फाटकाकडे वळवून खाली ठेवलं.

नवरा कमरेत वाकून उभा होता. म्हणाला, तोंड फिरवलंत खरं, पण उल्हासनगरपर्यंत आणखी सहा वळणं आहेत. कामगारांत एक फिटर होता. त्यानं बॉनेट उघडलं, डबा बघितला आणि म्हणाला, यात तेलाचा थेंब नाही, एक बाटली असती तर काम झालं असतं.

मुलगी मागून ओरडली. सासूनं तिच्या लुगड्याखाली बघितलं आणि एका पायाची टाच दिसते म्हणाली.

मी पिशवी उघडली, लुगडं उलगडलं आणि बाटली काढली. नवरा बाटलीकडे बघत राहिला. मी बाटली फिटरला दिली नाही, आधी मागच्या खिडकीशी गेले.

"आय, हे घातलं की गाडी गळणार," मी म्हटलं. "लाल. उतरायचं तर आताच उतरा. पोरीला मी नेते."

सासूनं माझ्याकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. ती काय ते समजली असावी, किती ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. तिचा एक हात मुलीच्या पोटावर होता, तो तिनं उचलला नाही.

"बालंतपनाचा इटाल मोठा," ती म्हणाली. "मोठ्यात बारका बुरतो. घाल."

कुणीतरी वर्तमानपत्राची सुरळी करून दिली. मी घाईघाईनं ओतलं, त्यामुळे अर्धं तेल डब्यात गेलं आणि बाकीचं माझ्या हातांवर, पोटावर, लुगड्यावर. फिटरनं नवऱ्याला इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवायला सांगितलं. डब्यात बुडबुडे आले, रेड्याचा आवाज बसला आणि स्टेअरिंग हलकं झालं. नवरा वाकलेल्या पाठीनं एका बोटानं गाडी चालवत निघाला. वॉचमननं पुन्हा फाटक उघडलं. यावेळी सलाम केला नाही.

उल्हासनगरपर्यंत रस्ताभर आम्ही लाल ठिपके टाकत गेलो. दवाखान्याच्या दारात दोन आया धावत आल्या. त्यांनी मला बघितलं, कमरेपासून खाली लाल, आणि मलाच धरून स्ट्रेचरवर आडवं केलं. मी सांगत होते की मी नव्हे, ती. एक आया म्हणाली, सगळ्या असंच म्हणतात. मला आतल्या दारापर्यंत नेलं, तेव्हा सासूनं मागून येऊन तिच्या हातावर फटका मारला. मग त्या मुलीकडे पळाल्या.

पाऊण तास आम्ही बाकावर बसलो. नवरा बसू शकत नव्हता, तो भिंतीला धरून उभा होता. त्यानं मला एकच विचारलं, मांजराला उगाच शिव्या दिल्या का. मी म्हटलं, हो.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मुलगी झाली, पाय आधी आले, थोडं निळं पडलं होतं, आता रडतंय. मग आम्हाला ऐकू आलं.

गाडीचं सासूनं ठरवलं तसंच झालं. बाळंतिणीबरोबर बारा दिवस तिलाही बाजूला बसवलं. पाचवी पुजली तेव्हा एक दिवा गाडीपुढे लागला. बदलापूरहून विहीण बाळ बघायला आली, तिनं गोठ्याशी दिवा लावलेली गाडी बघितली आणि विचारलं. सासूनं तिला सगळं नीट सांगितलं. विहिणीच्या घरी फ्रिज होता, टीव्ही होता, ती मॅट्रिक होती. तिनं पदर सावरून घेतला आणि गाडीला लांबून वळसा घालून घरात आली.

नवऱ्याची उसण काही जाईना. लेप झाले, शेक झाला. पायाळू माणसानं लाथ मारली की उसण जाते असं आमच्याकडे म्हणतात. तेराव्या दिवशी सासूनं त्याला पालथं झोपवलं, बाळाला काखेत धरलं आणि बाळाचा पाय तीनदा नवऱ्याच्या कमरेला लावला. तो उठून बसला. उसण गेली म्हणाला. खरंच गेली की आई समोर होती म्हणून गेली, मी विचारलं नाही. पुढे चार गावांतली माणसं कंबर घेऊन आमच्या नातीकडे यायला लागली आणि ती चालायला लागायच्या आधी लाथा मारायला शिकली.

गाडी मेकॅनिकला दाखवली तेव्हा तो म्हणाला, आणखी थोडं तसंच नेलं असतं तर पंप गेला असता. पुढच्या वर्षी तो गेलाच. मग गाडीचं गळणं कायमचं थांबलं. सासू म्हणाली, वय झालं तिचं, माझंही थांबलं होतं. गोठ्याशी उभ्या गाडीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या आणि शेवटी ती भंगारात गेली.

त्या दुपारी गाडीत आम्ही पाचजण होतो, पोटातलं धरून. सासू आणि नवरा नंतर आपापल्या वेळेला गेले. मी आहे, मुलगी आहे आणि तिची मुलगी आहे.